विश्लेषण : छतावर सोलर, तरीही वीज गेली की पंखा बंद का? घरगुती सौरऊर्जेबद्दलचे गैरसमज आणि खरा हिशोब

मे महिन्यातली दुपार. वळवाच्या वाऱ्याने कुठेतरी तारेवर फांदी पडते आणि अख्ख्या वस्तीची वीज जाते. दहा मिनिटांत ढग सरकतात, लख्ख ऊन पडते. छतावर ३ किलोवॅटचे चकचकीत पॅनेल त्या उन्हात न्हाऊन निघालेले आणि खाली घरात पंखा बंद. ‘एवढे पैसे घालून हेच का?’ असा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांकडून हमखास येतो.

यंत्रणेत बिघाड झालेला नसतो. ती जशी चालायला हवी तशीच चाललेली असते. फक्त विकणाऱ्याने ते आधी सांगितलेले नसते.

‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांच्या छतावर सौरऊर्जा पोहोचवण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद एवढा तिचा आवाका आहे. तेव्हापासून गल्लोगल्ली सोलरचे फलक लागले आणि व्हॉट्सअॅपवर ‘वीजबिल कायमचे शून्य’ असे मेसेज फिरू लागले. सौरऊर्जेबद्दलचे गैरसमज तसे जुनेच. पण पूर्वीच्या गैरसमजांमुळे लोक सोलरपासून लांब राहायचे. आताच्या गैरसमजांमुळे लोक चुकीच्या आकाराचे, चुकीच्या जागी आणि चुकीच्या अपेक्षेने सोलर बसवत आहेत. हे दुसरे जास्त महाग पडते.

वीज गेली की सोलर का थांबते?

अनुदानातून बसणारी बहुतेक घरगुती यंत्रणा ‘ऑन-ग्रिड’ असते, म्हणजे ती महावितरणच्या (मुंबईत संबंधित वीज कंपनीच्या) जाळ्याला जोडलेली असते. पॅनेलमधून येणारा डीसी प्रवाह सोलर इन्व्हर्टर एसीमध्ये बदलतो. हे करताना त्याला बाहेरच्या तारेतल्या व्होल्टेजचा आणि ५० हर्ट्झच्या लयीचा आधार लागतो. तो आधार नाहीसा झाला की इन्व्हर्टर क्षणार्धात स्वतःला बंद करतो.

यामागे सुरक्षेचे कारण आहे. वीज गेल्यावर वायरमन खांबावर चढतो तेव्हा तार मृत आहे असे तो धरून चालतो. त्याच वेळी चार घरांच्या छतांवरून त्या तारेत प्रवाह येत राहिला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून स्वतःहून बंद पडण्याची ही सोय इन्व्हर्टरमध्ये असणे सक्तीचे आहे. तांत्रिक भाषेत तिला अँटी-आयलँडिंग म्हणतात.

वीज गेल्यावरही घर चालू हवे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. त्याने खर्च बराच वाढतो. अनुदान सोलरच्या क्षमतेवर ठरते, बॅटरीसाठी वेगळे काही मिळत नाही. पुण्या-मुंबईत जिथे महिन्याला दोन-चार तास वीज जाते तिथे हा खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. जिथे रोजच तासन्‌तास खोळंबा होतो त्या गावात मात्र विचार करायला हरकत नाही. घरात आधीपासून असलेला बॅटरीवरचा साधा इन्व्हर्टर काढायची गरज नाही. तो पूर्वीसारखाच चार पंखे-दिवे चालवेल. फक्त त्याच्या आउटपुटला सोलर जोडण्याचा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

दिवसाची वीज रात्री वापरायची म्हणजे ती साठते कुठे?

छतावर साठत नाही आणि घरातही नाही. दुपारी घरात वापर कमी असतो, त्यामुळे जास्तीची वीज तारेवाटे बाहेर जाते आणि शेजारच्या घरात वापरली जाते. नेट मीटर तेवढे युनिट ग्राहकाच्या खात्यावर जमा दाखवतो. रात्री ग्राहक तारेतून वीज घेतो, तेव्हा ते युनिट वजा होतात. साठवण होते ती हिशोबाच्या वहीत. म्हणूनच शहरात बॅटरीशिवाय सोलर परवडते.

मग बिल शून्य होते का?

नाही. छापील बिल उघडून पाहिले तर त्यात फक्त युनिटचे पैसे नसतात. स्थिर आकार असतो, आणि तो जोडणी आहे म्हणून भरावा लागतो, वापर शून्य असला तरी. युनिट पूर्ण वजा झाले तरी तेवढे बिल येणारच. योजनेच्या नावात ‘मोफत वीज’ असल्याने पहिले बिल हातात पडल्यावर अनेकांना फसवल्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट ३१ मार्चची. महाराष्ट्रात जमा युनिटचे खाते आर्थिक वर्षापुरते चालते. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे मिळतात. पण ज्या दराने ग्राहक वीज विकत घेतो त्यापेक्षा हा दर बराच कमी असतो. १ एप्रिलला खाते पुन्हा शून्यापासून सुरू. त्यामुळे ‘मोठी यंत्रणा बसवा, महावितरणला वीज विकून कमवा’ हा सल्ला घरगुती ग्राहकासाठी साफ चुकीचा आहे. सोलरचा फायदा बिल टाळण्यात आहे. वीज विकण्यात तो नाही.

या तारखेचा एक छोटा फायदाही आहे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जमलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामाला येतात. मात्र एसी एप्रिल-मेमध्येच चालणार असेल तर जमा फारसे होत नाही, हेही खरे.

किती किलोवॅट? इथेच सगळ्यात मोठी चूक होते

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. किलोवॅट ही क्षमता आहे आणि युनिट म्हणजे प्रत्यक्ष वीज. १ किलोवॅटची यंत्रणा चांगल्या दिवशी साधारण ४ युनिट देते. वर्षभराचा पाऊस, धूळ, उष्णता धरून हिशोब करायचा तर किलोवॅटमागे वर्षाला १,३०० युनिट हा आकडा सावध म्हणता येईल. महिन्याला सरासरी १०८.

केंद्राचे अनुदान पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार रुपये आहे. म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार. यंत्रणा त्याहून मोठी असली तरी अनुदान तेवढेच. साहजिकच विक्रेत्याचा आग्रह असतो, ‘पूर्ण ७८ हजार घ्या, ३ किलोवॅटच बसवा.’ ऐकायला ते बरोबर वाटते.

आता टप्पेवारी दर बघू. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटपेक्षा १०१ ते ३०० या टप्प्यातला दर जवळपास दुप्पट आहे. ३०० च्या पुढे तो आणखी चढतो. नेमके दर दरवर्षी बदलतात, म्हणून हिशोबापुरते पहिल्या टप्प्याला ६ रुपये आणि दुसऱ्याला १२ रुपये धरू. ३ किलोवॅटच्या यंत्रणेची किंमत १ लाख ९० हजार धरू, अनुदान जाऊन १ लाख १२ हजार.

महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराचे युनिटचे बिल होते ३,००० रुपये. वर्षाला ३६ हजार. ३ किलोवॅटमधून वर्षाला ३,९०० युनिट येतात आणि घराची गरज ३,६०० ची आहे, म्हणजे बहुतेक सगळे बिल वाचते. कागदावर तीन-सव्वातीन वर्षांत पैसे वसूल. मार्चअखेरची तूट आणि महिन्या-महिन्यातली ओढाताण धरून चार वर्षे म्हणू. तरीही हा सौदा उत्तम आहे.

हीच यंत्रणा महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घरावर बसवली तर? त्या घराची बचत वर्षाला ६,४८० रुपये. उरलेल्या २,८२० युनिटचे २ रुपयांनी जरी पैसे मिळाले तरी ५,६४० रुपये. दोन्ही मिळून वर्षाला बारा हजारांच्या आसपास आणि वसुलीला सव्वानऊ वर्षे. त्याच घराने १ किलोवॅट बसवले, किंमत ७० हजार आणि अनुदान जाऊन ४० हजार धरली, तर सहा वर्षांच्या आत पैसे परत येतात. ‘जास्त अनुदान’ घेण्याच्या नादात या घराने ७२ हजार रुपये जास्त गुंतवले असते आणि वसुली तीन वर्षांहून अधिक लांबवली असती.

सर्वात जास्त घोळ होतो तो मधल्या घरांचा. समजा वापर महिन्याला २२० युनिट आहे. पहिला किलोवॅट १०८ युनिट कमी करतो आणि ते सगळे १२ रुपयांचे असतात. बचत सुमारे १,३०० रुपये. दुसरा किलोवॅटही १०८ च युनिट कमी करतो, पण त्यातले ९६ युनिट ६ रुपयांच्या टप्प्यातले असतात. बचत ७२० रुपये. पॅनेल तेच, ऊन तेच, बचत मात्र जवळपास निम्मी. दुसरा बसवू नये असा याचा अर्थ नाही. पण प्रत्येक वाढीव किलोवॅटला आधीच्या किलोवॅटइतकाच फायदा होतो हे गृहीतक चुकीचे आहे.

त्यामुळे सही करण्याआधी एकच कागद काढावा, गेल्या बारा महिन्यांच्या युनिटचा. एका महिन्याचे बिल पाहून, त्यातही मेचे बिल पाहून, क्षमता सांगणारा विक्रेता टाळलेला बरा. येत्या दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल तर तेवढी वाढ जरूर धरावी. दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटपेक्षा कमी वापराच्या घरांसाठी राज्य सरकारची वाढीव अनुदानाची ‘स्मार्ट’ योजनाही आहे. तिची पात्रता आधी तपासावी.

विदर्भात ऊन जास्त, म्हणजे वीजही जास्त?

पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्यावर छापलेली क्षमता सेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. चंद्रपूरला मेमध्ये पारा ४५ वर असतो तेव्हा काळ्या पॅनेलमधला सेल सहज ६५ अंशांवर पोहोचतो. म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास तूट. तरीही दिवस मोठा आणि आकाश निरभ्र असल्याने उन्हाळ्यात एकूण वीज चांगलीच मिळते. पण थंड वारा असलेल्या जानेवारीच्या एखाद्या स्वच्छ दुपारी इन्व्हर्टरवर मेपेक्षा मोठा आकडा दिसला तर चक्रावून जायचे कारण नाही.

या गैरसमजाचे मूळ बहुधा पाणी तापवणाऱ्या सोलरमध्ये आहे. पुण्यासारख्या शहरात कित्येक वर्षे ‘सोलर’ म्हणजे गच्चीवरची नळ्यांची टाकी एवढाच अर्थ होता. त्या यंत्राला उष्णता हवी असते. वीज देणारे पॅनेल वेगळे, त्यांचे विज्ञान वेगळे. घरात पाण्याचे सोलर असेल आणि ते नीट चालत असेल तर ते काढू नये. छताच्या थोड्या जागेत ते गिझरची वीज वाचवते.

पावसाळ्यात वीज बनतच नाही हा याच्या उलटचा समज. ढगातूनही प्रकाश येतो, त्यामुळे उत्पादन घटते पण थांबत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैमध्ये ते निम्म्याहूनही खाली येऊ शकते. मराठवाड्यात एवढी घट होत नाही. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी कमी ऊन असलेल्या जर्मनीत घरोघरी पॅनेल आहेत, हे इथे आठवावे.

एका फांदीच्या सावलीने एवढा काय फरक पडतो?

बराच पडतो. घरातले पॅनेल सहसा एकापुढे एक अशा साखळीत जोडलेले असतात. एका पॅनेलच्या काही सेलवर सावली पडली की त्यातून जाणारा प्रवाह अडतो. पॅनेलमधले बायपास डायोड हे नुकसान मर्यादित ठेवतात, पण त्या पॅनेलचा मोठा भाग तेवढ्या वेळापुरता कामातून जातो. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, डिश अँटेना, शेजारचा नारळ या सगळ्यांची सावली डिसेंबरमध्ये मेपेक्षा लांब पडते, कारण सूर्य दक्षिणेला कललेला असतो. उन्हाळ्यात पाहणी करून जागा ठरवली आणि हिवाळ्यात वीज घटली, अशा तक्रारींचे मूळ इथेच असते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल १५ ते २० अंश असला की महाराष्ट्रात भागते. पूर्व-पश्चिम छत असेल तर उत्पादन थोडे कमी होते, बस.

किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. गच्चीवर कुरडया-पापड वाळवायचे, उन्हाळ्यात झोपायचे, म्हणून अनेक जण उंच सांगाडा करून घेतात. ठीक आहे, पण त्याचा खर्च वेगळा लागतो आणि वाऱ्याचा मारही वाढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत छपरांचे काय केले ते तिथल्या लोकांना सांगायला नको. किनाऱ्यालगत सांगाडा गॅल्व्हनाइज्ड हवा आणि नटबोल्टही न गंजणारे हवेत. या बाबतीत दोन-पाच हजार वाचवू नयेत.

गारांची भीती मात्र थोडी जास्तच आहे. पॅनेलची काच टफन असते आणि प्रमाणित चाचणीत तिच्यावर २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने मारले जातात. त्याहून मोठी गार पडली तर विमाच कामाला येतो. पॅनेल वीज ‘ओढून घेतात’ हे खरे नाही, पण वीजरोधक आणि स्वतंत्र अर्थिंग लागतेच. कोटेशनमध्ये ते लिहिलेले आहे का, ते पाहावे.

अनुदान कोणाच्या खात्यात येते?

ग्राहकाच्या. यंत्रणा बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते थेट बँक खात्यात जमा होते. त्यामुळे ‘आधी अनुदान मंजूर करून देतो, प्रोसेसिंग फी पाठवा’ असा फोन आला की तो फसवणुकीचा समजावा. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून स्वतः करता येतो. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता अहवालाची अटही आता नाही. मंजूर भार कमी असला तर तो वाढवून देणे वीज कंपनीचे काम आहे.

विक्रेता पोर्टलवर नोंदणीकृत असावा लागतो आणि पॅनेल व त्यातले सेल भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात त्यांना ‘डीसीआर’ पॅनेल म्हणतात. आयात सेलचे पॅनेल स्वस्त असतात. कोणी तीस-चाळीस हजारांनी कमी भाव सांगत असेल तर हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा, कारण त्या पॅनेलवर अनुदान मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराचे कोटेशन पुढे केले जात नाही ना, तेही पाहावे.

‘२५ वर्षे बघायचे नाही’

२५ वर्षांची हमी असते ती पॅनेलच्या कामगिरीची. म्हणजे इतक्या वर्षांनी तो मूळ क्षमतेच्या ठरावीक टक्के वीज देईल, एवढीच. पॅनेल तडकला, आत पाणी गेले यासाठीची वॉरंटी वेगळी आणि कमी वर्षांची असते. इन्व्हर्टरची त्याहूनही कमी. पंचवीस वर्षांत इन्व्हर्टर निदान एकदा बदलावा लागेल असे धरून चालावे आणि ते पैसे वसुलीच्या हिशोबात आधीच घालावेत. अनुदानाच्या यंत्रणेची पाच वर्षे देखभाल करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. ते करारात लिहून घ्यावे.

पाऊस पॅनेल धुतो हे अर्धे खरे आहे, कारण उरलेले सात-आठ महिने धूळच असते. ऊस पट्ट्यात पाचट जाळल्यावर काजळी बसते, वीटभट्टीजवळ राख. पंधरा दिवसांनी सकाळी लवकर साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसले तरी पुरे. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचे?

गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे एकट्याने निर्णय घेता येत नाही. पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. पंप आणि लिफ्टचा बराच वापर दिवसा होतो, त्यामुळे हिशोब चांगला जमतो. अडथळा तांत्रिक नसतो. गच्चीची गळती आधी की सोलर आधी, या वादात सर्वसाधारण सभा संपते. उत्तर सोपे आहे, वॉटरप्रूफिंग आधी. पॅनेल बसल्यावर ते काढून गळती शोधणे महागात जाते.

पहिले बिल आल्यावर काय पाहावे?

नेट मीटर लागल्यानंतरच्या पहिल्या बिलात आयात आणि निर्यात असे दोन आकडे यायला हवेत. निर्यातीच्या जागी शून्य असेल तर बिलिंगमध्ये नोंद झालेली नाही असे समजून लगेच लेखी तक्रार करावी. छतावरची एकूण वीज सोलर इन्व्हर्टरच्या अॅपमध्ये किंवा जनरेशन मीटरवर दिसते. ती निर्यातीपेक्षा नेहमी जास्तच असणार, कारण दिवसा घरात वापरलेले युनिट नेट मीटरपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘अॅप ३६० दाखवते आणि बिलात २१० च, बाकीचे कुठे गेले?’ हा प्रश्न वीज कार्यालयाच्या खिडकीवर वारंवार विचारला जातो. उरलेले १५० युनिट घरातल्याच फ्रिजने, मिक्सरने आणि दुपारच्या पंख्याने वापरलेले असतात.